दिसणारा हात : घरच्या वादनाच्या चित्रणाचा इतिहास

वाद्यवादन ही ऐकण्याची कला मानली जाते आणि ते खरेच आहे. तथापि ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वी वाद्याचा आवाज जिथे ऐकू येई तिथे तो काढणारा हातही बहुधा नजरेसमोर असे, त्यामुळे ऐकणे आणि पाहणे यांची फारकत करण्याची वेळ क्वचितच येई. देवळाच्या नगारखान्यातून कानी पडणारा सनई-चौघडा हा त्याला एक ठळक अपवाद. १८७७ साली थॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ तयार केला आणि आवाज हातापासून सुटा झाला. पुढची जवळजवळ सव्वाशे वर्षे जगभरच्या वादनाची जी नोंद होत गेली ती मुख्यतः या सुट्या आवाजाची होती. हात आणि आवाज पुन्हा एकत्र बांधण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत, चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर होत राहिले, परंतु घरात बसून वाजवणाऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्यात ते साधन खऱ्या अर्थाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आले. पेटी, तबला, गिटार किंवा व्हायोलिन वाजवताना स्वतःच स्वतःचे चित्रण करण्याची जी प्रथा आज घरोघरी दिसते, तिच्यामागे हा लांबचा प्रवास आहे आणि तो जितका यंत्रांचा आहे तितकाच हौशी वादकाचाही आहे.

या प्रवासाची सुरुवात योगायोगाने अशाच एका चित्रणापासून होते. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत चलत्‌चित्रणाच्या यंत्रावर काम करणारे विल्यम केनेडी लॉरी डिक्सन यांनी १८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या आरंभी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, ‘ब्लॅक मारिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या खोपटेवजा चित्रणगृहात, फोनोग्राफच्या भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून स्वतः व्हायोलिन वाजवले आणि ते चित्रपट्टीवर उतरवून घेतले. शेजारी दोन पुरुष त्या सुरांवर नाचताना दिसतात. सारा प्रसंग वीस सेकंदांच्या आसपासचा आहे. चालू वादनाचे चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपलेला हा सर्वांत जुना उपलब्ध चित्रपट होय. मात्र चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर अशी ही नोंद असल्यामुळे दोघांची गती जुळवणे त्या काळी साधले नाही. आवाजाची मेणनळी, म्हणजे ज्या मेणाच्या पोकळ दंडगोलावर सुई आवाज कोरत असे ती नळी, तुटलेल्या अवस्थेत एडिसन यांच्या संग्रहात पडून राहिली. तिची दुरुस्ती होऊन, चित्रपट-संकलक वॉल्टर मर्च यांच्या हातून ती चित्राशी जुळवली जायला २००० साल उजाडले. वादकाचा हात आणि त्याचा सूर यांची गाठ पुन्हा घालणे किती अवघड होते, याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

फोनोग्राफविषयी एक गोष्ट आता विस्मरणात गेली आहे आणि घरच्या नोंदीच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे : हे यंत्र आवाज ऐकवत असे तसेच टिपतही असे. १८७८ साली ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये लिहिलेल्या लेखात एडिसन यांनी आपल्या यंत्राचे जे उपयोग मांडले त्यांत कुटुंबातील माणसांचे आवाज जपून ठेवणे हाही एक होता. पुढे मेणनळ्या आल्यावर वरचा थर तासून तीच नळी पुन्हा वापरता येऊ लागली, त्यामुळे दिवाणखान्यात बसून आपले वादन टिपावे, ऐकावे, पुसावे आणि पुन्हा टिपावे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुखवस्तू पाश्चात्त्य घरांत शक्य झाले होते. एमिल बर्लिनर यांच्या ग्रामोफोनची सपाट तबकडी मात्र कारखान्यात छापली जाई आणि घरी ती केवळ वाजवता येई. ती स्वस्त होती, साठवायला सोपी होती, एका साच्यातून तिच्या हजारो प्रती निघत. बाजारात तिची सरशी होणे क्रमप्राप्तच होते. परंतु त्या सरशीत घरचा वादक नोंद करणाऱ्याच्या जागेवरून उठला आणि ग्राहकाच्या जागेवर जाऊन बसला. अमेरिकेतील बँडप्रमुख आणि रचनाकार जॉन फिलिप सूझा यांनी १९०६ साली यांत्रिक संगीताच्या धोक्याविषयी जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात त्यांची भीती हीच होती की यंत्र आयते संगीत पुरवू लागले की घराघरांतली हौशी मंडळी वाद्याला हात लावणे सोडतील. पुढच्या काही दशकांत ही भीती बऱ्याच अंशी खरी ठरली आणि तिच्याकडे जुन्या माणसाची कुरकुर म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

भारतात ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आले आणि गायिका गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांच्या आवाजाने येथील ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले. तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचाच आवाज मावत असल्याने तासभर फुलणारा राग त्या मुदतीत आटोपावा लागे, हे सर्वपरिचित आहे. वादकाचा हात दिसेनासा झाला, याची चर्चा मात्र तेवढी झालेली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इमदाद खाँ यांच्या सतारीच्या तबकड्या निघाल्या. त्या ऐकणाऱ्याला मींड, म्हणजे तार पडद्यावर आडवी खेचून एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाण्याची क्रिया, कानाने ओळखू येई. परंतु ती कोणत्या पडद्यावरून, कोणत्या बोटाने आणि किती खेचून घेतली आहे हे त्याला स्वतःच्या वाद्यावर चाचपडत शोधावे लागे. तबकडी ऐकून शिकणाऱ्यांची एक मोठी परंपरा यातूनच निर्माण झाली आणि तिने अनेकांचे कान विलक्षण तयार केले. घराण्यांच्या दृष्टीने ही अदृश्यता काही वेळा सोयीचीही होती, कारण हाताची ठेवण ही तालमीतली, गुरूने शिष्याला समोर बसवून देण्याची गोष्ट मानली जाई. ही सावधगिरी केवळ भारतीय नव्हे : न्यू ऑर्लिन्सचे कॉर्नेटवादक फ्रेडी केपर्ड आपली बोटे इतरांना दिसू नयेत म्हणून हातावर रुमाल टाकून वाजवत, असे जॅझच्या इतिहासात सांगितले जाते.

बोलपटाने हात आणि आवाज एकत्र आणले खरे, पण ते थोडक्यांसाठी. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यू यॉर्कमध्ये व्हिटाफोन पद्धतीचा, म्हणजे चित्रपट्टीच्या जोडीने तबकडी फिरवून आवाज ऐकवण्याचा, जो पहिला मोठा कार्यक्रम झाला, त्यात व्हायोलिनवादक मिशा एल्मन यांच्याबरोबरच रॉय स्मेक यांचा ‘हिज पास्टाइम्स’ हा लघुपट होता. हवाईयन गिटार, उकुलेले, बँजो अशी वाद्ये लीलया बदलत वाजवणाऱ्या या कलावंताच्या बोटांकडे प्रेक्षक थक्क होऊन पाहत राहिले. १९३३ सालच्या एका लघुपटात पडद्याचे चार भाग करून चारही भागांत स्मेक यांनाच वेगवेगळी वाद्ये एकाच वेळी वाजवताना दाखवले आहे. आज एकच वादक चार चौकटींत बसून स्वतःचीच साथ करतो त्या मांडणीचा हा थेट पूर्वज म्हणावा लागेल.

मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला तेव्हा परिस्थिती नेमकी उलटी होती. आवाज चित्रणाच्या वेळीच टिपायचा असल्याने वादकांना दृश्याच्या चौकटीबाहेर, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा आडोशाला बसून पेटी-तबल्याची साथ करावी लागली. सूर हवा होता, पण तो काढणारा हात दिसून चालणार नव्हते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. महाराष्ट्रात पेटीला मैफलीची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, तो वादक पडद्यावर आपादमस्तक दिसला तो राजाच्या वेषात. पेटीवर फिरणारी त्यांची बोटे टिपून ठेवावीत, हे त्या चित्रपटाचे काम नव्हते आणि त्या काळात ते इतर कोणाचेही काम नव्हते.

पेटीपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण हात दिसणे म्हणजे काय हे या वाद्याइतके स्पष्ट दुसऱ्या वाद्यात कळत नाही. अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचे होते. भारतीय बैठकीला ते जमिनीवर हवे होते, म्हणून भाता मागच्या बाजूला घेऊन एका हाताने तो चालवायचा आणि दुसऱ्या हाताने पट्ट्यांवर वाजवायचे अशी हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात घडवली गेली आणि द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. या रचनेचा एक परिणाम असा झाला की श्रोत्याच्या बाजूला भाता आला आणि पट्ट्या वादकाकडे तोंड करून राहिल्या. मैफलीत पहिल्या रांगेत बसलेल्या रसिकालाही वादकाचा खांदा, मनगट आणि भात्याची उघडझाप दिसे. अंगठा कोठे आत वळला, काळ्या पट्टीवरून पांढरीवर बोट घसरले की उचलून ठेवले, हे त्याला दिसत नसे. समोर बसलेल्या शिष्यालाही सारे उलटे दिसे आणि म्हणून पुष्कळ गुरू शिष्याला शेजारी बसवून घेत. कॅमेरा पेटीच्या वर, पट्ट्यांवर सरळ रोखून लावण्याची जी पद्धत आज सर्रास रूढ झाली आहे, तिने मैफलीत कोणालाही न मिळालेली जागा घरबसल्या पाहणाऱ्याला मिळवून दिली. वादकाच्या स्वतःच्या नजरेची ही जागा आहे आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा उपयुक्त जागा दुसरी नाही.

पेटीच्या बाबतीत घरगुती नोंदीला आणखी एका कारणाने महत्त्व आले. तिचे स्वर बांधलेले असल्याने तिच्यातून मींड आणि श्रुती निघत नाहीत, या आक्षेपावरून १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांचे दरवाजे बंद केले. साथीपुरती ही बंदी सत्तरच्या दशकाच्या आरंभी सैल झाली, तरी एकलवादनाला त्यानंतरही दीर्घकाळ मज्जाव राहिला. ज्या दशकांत नभोवाणी हेच शास्त्रीय संगीताच्या नोंदीचे मुख्य ठिकाण होते, त्या दशकांत महाराष्ट्रातील पेटीचे एकलवादन त्या नोंदीबाहेर राहिले आणि नाट्यपदे पेटीवर गळ्यातून यावीत तशी वाजवणाऱ्या गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांचा वारसा रसिकांच्या खासगी ध्वनिफितींच्या आधाराने पुढच्या पिढीकडे आला. हे नुकसान लहान नव्हते.

या ध्वनिफितींचा, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या पट्टीवर आवाज साठवण्याच्या पद्धतीचा, उगम जर्मनीत झाला. १९३५ च्या बर्लिन नभोवाणी प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांसमोर आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोचले. घरच्या वादकाच्या दृष्टीने तेथील गिटारवादक लेस पॉल यांचे प्रयोग निर्णायक ठरले. त्यांनी आपल्या हॉलिवूडमधील घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्याच वादनावर स्वतःचे दुसरे, तिसरे, चौथे वादन चढवण्याची युक्ती आधी तबकड्यांवर आणि मग फितीवर साधली. १९४८ साली निघालेल्या ‘लव्हर’ या गीतात एकाच माणसाची अनेक गिटारे ऐकू येतात. नंतरच्या थराला चूक झाली तर आधीचे सगळे थर वाया जात, इतकी ही पद्धत कठोर होती. फिलिप्सची लहान कॅसेट १९६३ साली आली आणि तिच्यामुळे ध्वनिमुद्रण अगदी सामान्य घरात शिरले. पुण्या-मुंबईच्या संगीतप्रेमी घरांत स्पूलचे यंत्र, आणि नंतर कॅसेटचे, खाजगी बैठकीत तानपुऱ्याच्या शेजारी हक्काने येऊन बसले. क्लासला जाणारी मुले गुरुजींची बंदिश टिपून घरी आणू लागली. वाजवताना वादक जे ऐकतो आणि समोरच्याला जे ऐकू जाते त्यांत मोठे अंतर असते, ही जाणीव आपलीच कॅसेट ऐकून त्या पिढीला प्रथम झाली. लय कोठे पळाली, सूर कोठे उतरला हे कळू लागले. ती का पळाली, मनगट आखडले होते की बसणे चुकले होते, हे मात्र कॅसेट सांगू शकत नव्हती.

चित्रणाची घरगुती साधने या काळात नव्हती असे नाही. मराठी माणसाच्या घरात तर ती फार लवकर आली होती : दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ घरीच एकेक चित्र घेत टिपली होती. परंतु ते चित्र मुके होते आणि मुक्या चित्रणात वादनाला अर्थ नसतो. कोडॅक कंपनीने १९३२ साली हौशी लोकांसाठी आठ मिलिमीटरची चित्रपट्टी आणली, १९६५ साली सुपर-८ आणली, तिच्यावर आवाज टिपण्याची सोय १९७३ साली केली. तरीही एका पेटिकेत सुमारे तीन मिनिटांचेच चित्रण मावत असे आणि ते धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅमेरा आला तेव्हा तो भारतात बहुधा भाड्याने आणलेल्या व्हिडिओवाल्याच्या खांद्यावर असे आणि लग्न, मुंज, बारसे यांपलीकडे सहसा जात नसे. अमेरिकेत याच सुमारास गिटार शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेटचा धंदा फोफावला. त्यांत वादकाची बोटे जवळून दाखवली जात आणि कठीण जागा संथ करून पुन्हा वाजवली जाई; पण शिकवणारा नामवंत आणि पाहणारा अनाम, ही विभागणी तशीच राहिली.

ती विभागणी मोडली २००५ साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूट्यूबवर पहिले चित्रण चढले आणि डिसेंबरमध्ये तेथे ‘गिटार’ एवढ्याच नावाचे एक चित्रण आले. पलंगाच्या कडेवर बसलेला एक तरुण, टोपी खाली ओढलेली, मागच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे चेहरा अंधारलेला, आणि हातात विद्युत गिटार. तो जे वाजवत होता ती सतराव्या शतकातील जर्मन रचनाकार योहान पाखेलबेल यांच्या ‘कॅनन’ची, म्हणजे एकच चाल ठरावीक अंतराने एकामागून एक सुरू करून गुंफलेल्या रचनेची, रॉक शैलीतील मांडणी होती. ही मांडणी तैवानचे गिटारवादक जेरी चँग यांची. त्यांनीही ती आधी स्वतःच्या चित्रणातूनच प्रसृत केली होती. टोपीवाला तरुण कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण कोरियातील संगीतप्रेमींच्या एका संकेतस्थळावर ‘फनटू’ या टोपणनावाने त्याने ठेवलेले चित्रण तिसऱ्याच कोणी उचलून यूट्यूबवर टाकले होते. ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि त्याखाली जगभर वाद रंगला की हे वादन खरे की बनावट. ऑगस्ट २००६ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या व्हर्जिनिया हेफर्नन यांनी तो दक्षिण कोरियाचा लिम जोंग-ह्युन असल्याचे उघड केले. त्याने आवाज आणि चित्र वेगवेगळे टिपून नंतर जुळवले होते आणि त्या जुळणीतील किंचित फरकामुळेच लोकांना संशय आला होता.

या प्रकरणाचे महत्त्व लोकप्रियतेच्या आकड्यापेक्षा त्या संशयात आहे. तबकडीच्या काळात आवाज खरा आहे का, असा प्रश्न श्रोता विचारत नसे, कारण पडताळायला हात समोर नव्हता. आता हात दिसत होता, म्हणून सूर आणि बोट यांचा मेळ लोक बारकाईने तपासू लागले. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी होती. हजारो तरुणांनी तीच रचना आपापल्या खोलीत, तशाच पलंगावर बसून वाजवली आणि आपले चित्रण इतरांसमोर ठेवले. कोणी बोट कोठे ठेवतो हे पाहून दुसरा आपली बोटे सुधारी, त्याचे पाहून तिसरा. गुरू कोण आणि शिष्य कोण हे सांगता येऊ नये अशी ही एक तालीम होती आणि तिला कोणतीही संस्था, परीक्षा किंवा घराणे नव्हते. सूझा यांना ज्या हौशी वादकाच्या नाहीसे होण्याची चिंता वाटत होती, तो शंभर वर्षांनी यंत्रामुळेच परत आला, असे म्हणण्याइतका आधार येथे निश्चितच आहे.

यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. मार्च २००९ मध्ये इस्रायलचे संगीतकार कुटिमान यांनी एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेक घरगुती वादकांची चित्रणे कापून आणि एकमेकांवर बसवून ‘थ्रूयू’ ही गीतमालिका रचली. त्यातला ड्रमवाला एका देशातला, व्हायोलिनवाली दुसऱ्या देशातली, आणि आपण एकाच रचनेत आहोत याची त्यांना वार्ताही नव्हती. त्याच वर्षी १५ एप्रिलला न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये यूट्यूब सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजला. त्यातील नव्वदीहून अधिक वादक घरी केलेल्या चित्रणांतून निवडले गेले होते, चित्रणे पाठवणाऱ्यांची संख्या तीन हजारांहून अधिक होती आणि संचालन मायकेल टिल्सन थॉमस यांचे होते. लंडनमधील जेकब कॉलिअर या तरुणाने आपल्या घरच्या खोलीत एकट्याने सर्व वाद्ये वाजवून आणि सर्व आवाज गाऊन, पडद्याच्या अनेक चौकटींत स्वतःलाच बसवून जी चित्रणे केली, त्यांतून त्याला जागतिक कीर्ती मिळाली.

भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रातही, ही प्रथा सार्वत्रिक झाली ती मोबाइलमुळे. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्रण करून पाठवणे निमशहरांत आणि गावांतही सहज झाले. येथील घरगुती चित्रणाला काही स्वतःच्या गरजा आहेत. तबल्याचा विद्यार्थी लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन मोजून देणारी सुरावट, यंत्रावर लावून कायदा वाजवतो. पेटीवाला तानपुऱ्याचे अ‍ॅप लावतो. मोबाइल मुळात बोलण्यासाठी घडवलेला असल्याने मोठा आवाज आपोआप दाबणे आणि हळू आवाज उचलणे हा त्याचा धर्म असतो. त्यामुळे डग्ग्याची घुमारी चपटी होते आणि तबल्याची थाप विरल्यावर मागचा पंखा ऐकू येऊ लागतो. चित्राचेही असेच आहे. सेकंदाला तीस चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर सेकंदाला पंधरा बोल वाजले तर प्रत्येक बोलाच्या वाट्याला दोनच चित्रे येतात आणि बोटे धुरकट दिसतात. मोबाइलचा कॅमेरा सबंध चित्र एका क्षणात न टिपता ओळीमागून ओळ टिपतो, म्हणून कंप पावणारी तार त्यात नागमोडी दिसते आणि तार खरोखरच तशी हलते असा कित्येकांचा समज होतो. समोरच्या कॅमेऱ्यात वाजवताना स्वतःची छबी आरशासारखी उलटी दिसते, हे नवशिक्याला ठाऊक नसेल तर डावा-उजवा हात यांचा घोळ होतो. हे सारे दोष ध्यानात घेऊनही असे म्हणावे लागते की, स्वतःचे बसणे, खांदा, मनगट आणि बोट स्वतःला दाखवणारे इतके साधे साधन भारतीय संगीताच्या विद्यार्थ्याला यापूर्वी कधीही मिळाले नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हौसेचे हे साधन काही महिने व्यावसायिक कलावंतांचेही एकमेव व्यासपीठ झाले. बर्लिनमधील पियानोवादक इगोर लेविट यांनी आपल्या घरून रोजच्या रोज वादन प्रसारित केले. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव त्या डिसेंबरात भरू शकला नाही. क्लास मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. त्या वेळी एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. बोलण्याखेरीजचा अखंड आवाज म्हणजे गोंगाट, असे या संवादयंत्रणांना शिकवलेले असल्याने तानपुऱ्याचा झंकार त्या गाळून टाकत आणि पेटीचा लांब धरलेला स्वर मध्येच विरून जाई. दुसरी अडचण आणखी मूलभूत होती. साधारण पंचवीस ते तीस मिलिसेकंदांहून अधिक उशिरा ऐकू येणाऱ्या आवाजाबरोबर लय सांभाळणे अवघड होते, आणि इंटरनेटवरचा उशीर त्याच्या कित्येक पट असू शकतो. मिनिटाला तीनशे मात्रांच्या द्रुत लयीत दोनशे मिलिसेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. म्हणून एकाने आधी वाजवून पाठवावे, दुसऱ्याने ते कानात ऐकत आपला भाग चित्रित करावा आणि तिसऱ्याने दोन्ही जुळवावे, ही पद्धत रूढ झाली. पडद्यावर शेजारी दिसणारे पेटीवाले आणि तबलजी प्रत्यक्षात एकाच वेळी वाजवत नसत. साथीमध्ये एकमेकांकडे पाहून जे देणे-घेणे चालते ते यात असू शकत नाही आणि उत्तम जुळणीनेही ती उणीव भरून निघत नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

घरच्या वादकाने घरी वाजवलेल्या संगीतावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही या प्रथेबरोबर आला. चढवलेले प्रत्येक चित्रण कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांशी यंत्राकडून ताडून पाहिले जाते आणि साम्य आढळल्यास ते अडवले जाते किंवा त्याचे उत्पन्न दुसरीकडे वळते. चित्रपटगीत पेटीवर वाजवणाऱ्यावर असा दावा येणे कायद्याला धरून असू शकते. परंतु यंत्राला एका वादकाचा बाख आणि दुसऱ्या वादकाचा बाख यांतला फरक नेहमी कळत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये इंग्लिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी आपल्या घरी वाजवलेल्या, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या बाखच्या रचनेतील पाऊण मिनिटाच्या तुकड्यावर एका मोठ्या संगीत कंपनीच्या नावाने दावा लागला आणि जाहीर बोभाटा झाल्यावरच तो मागे घेण्यात आला. पारंपरिक बंदिश कोणाच्याही मालकीची नसते; ती घरी वाजवणाऱ्याला यंत्रापुढे आपला निर्दोषपणा सिद्ध करावा लागणे हे अयोग्य आहे.

यापेक्षाही गंभीर प्रश्न जतनाचा आहे. मार्च २०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने मान्य केले की, २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तेथे ठेवलेले संगीत साठवणयंत्रांच्या स्थलांतरात नष्ट झाले. ती गाणी पाच कोटींच्या घरात होती असा अंदाज आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तिची कारणे वेगळी होती. पण महाराष्ट्रातील ढोलकी, संबळ, हलगी, बासरी वाजवणाऱ्या ज्या अनाम हातांनी आपली कला तेथे ठेवली होती, त्यांची चित्रणे येथील प्रेक्षकांना दिसेनाशी झाली आणि ज्यांच्याकडे मूळ प्रत उरली नव्हती त्यांच्या दृष्टीने ती गेल्यातच जमा झाली. पेटीच्या वादनाची नोंद एकदा नभोवाणीच्या धोरणामुळे हुकली होती. कंपन्यांच्या भरवशावर राहून ती दुसऱ्यांदा हुकू देण्याचे कारण नाही. घरी वाजवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चित्रणाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी, तिच्यासोबत दिनांक, राग किंवा रचना, ताल, वाद्य घडवणाऱ्या कारागिराचे आणि शिकवणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, आणि महाराष्ट्रातील संगीत विद्यालयांनी व संग्रहालयांनी अशा प्रती स्वीकारण्याची सोय आतापासून करावी.